साडेसतरा

दुपारी कँटीनच्या रांगेत तो रिकामा ट्रे घेऊन उभा होता आणि त्याच्या पुढची दोघं एकाच मोबाइलवर डोकं घालून "बापरे, बापरे" करत होती. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकवायची त्याला सवय नव्हती. पण रांग हलत नव्हती आणि नजर कुठेतरी ठेवायला हवीच होती. पडद्यावर एका जहाजाचं नाक होतं. त्या नाकाला काहीतरी काळं, प्रचंड, मधोमध मोडून दोन्ही बाजूंना लोंबलेलं होतं, दोरीवर टाकलेल्या ओल्या चादरीसारखं. ताडपत्री असेल, असं त्याला आधी वाटलं. मग त्या ताडपत्रीत एक डोळा दिसला. आणि त्याच्या वर, पांढऱ्या ठळक अक्षरांत, जहाजाचं नाव. ते नाव त्यानं सकाळपासून निदान चाळीस वेळा टाइप केलं होतं. त्यानं ट्रे परत ठेवला. "का हो साहेब, जेवायचं नाही आज?" वाढणाऱ्यानं विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि नंतर जिन्यानं नऊ मजले उतरताना त्याच्या लक्षात आलं की लिफ्ट आहे हे आपण विसरलो.

ऑफिसात त्याला सगळे घड्याळ म्हणत. राग यावा असं त्यात काही नव्हतं. कंपनीची जहाजं कुठल्या वेळी कुठल्या धक्क्याला लागतील, कधी सुटतील, रस्त्यात किती वेगानं येतील हे ठरवायचं आणि कप्तानांना कळवायचं, हे त्याचं काम. अकरा वर्षं तो ते करत होता. जहाजं म्हणजे पडद्यावरचे हिरवे ठिपके. त्यांना वास नव्हता, आवाज नव्हता. ती वेळेवर यायची किंवा यायची नाहीत. आताही टॅक्सीत बसल्यावर त्याला आधी वेळच आठवली. काल दुपारी दोन वाजून सहा मिनिटं. कप्तानाचा निरोप आला होता: बंदराच्या अलीकडे नकाशावर तिरप्या रेघा मारलेला पट्टा आहे, देवमाशांची ये-जा असते, या दिवसांत वेग दहा नॉटवर आणावा अशी सूचना आहे, सक्ती नाही, काय करू? त्या वेळी तो फोनवर ताईशी बोलत होता. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, थेंब किती वेळानं घालायचे ते तिला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागत होतं. फोन मान आणि खांद्यात धरून, "चार तासांनी गं, जेवणानंतर नाही, चार तासांनी," असं म्हणत त्यानं एका हातानं उत्तर टाइप केलं. साडेसतरा नॉट कायम ठेवावे. धक्का सकाळी अकराला. बस, एवढंच. त्या क्षणी मनात काही आलं होतं का, हे तो टॅक्सीत बसून आठवू बघत होता. शंका, घाई, कंटाळा, काहीही. काहीच आलं नव्हतं. औषधाच्या बाटलीचं झाकण निळं की हिरवं, एवढंच मनात होतं.

धक्क्यावर गर्दी होती. कामगार, चौकीदार, कुठून कुठून आलेली माणसं, सगळे हात वर करून फोटो काढत होते. कुणीतरी त्याच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण ठेवलं. जवळून ते फोटोतल्यासारखं नव्हतं. जहाजाच्या नाकाखाली पाण्यात एक मोठा गोळा असतो, पाणी कापायला सोपं जावं म्हणून. त्या गोळ्यावर ती अडकली होती. देवमाशाची मादी होती, हे त्याला नंतर कळलं. गळ्यापासून पोटापर्यंत लांबच लांब पन्हळी होत्या, आणि त्या इतक्या नीट, समांतर होत्या की कुणीतरी पट्टी लावून आखल्यासारख्या वाटत होत्या. रक्त जवळजवळ नव्हतं. पाण्यानं धुऊन नेलं असणार. तिच्या एका परावर शिंपल्यांची खरखरीत रांग होती आणि तिच्यात एक खेकडा अजून चालत होता. तो त्या खेकड्याकडेच बघत राहिला.

कप्तान शिडीवरून खाली आला. उंच, वाकलेला, दाढी न केलेला माणूस. इतकी वर्षं दोघं एकमेकांना निरोप पाठवत होते, पण भेट पहिलीच.

"घड्याळ तुम्हीच ना?" कप्तान म्हणाला. हे नाव जहाजांपर्यंत पोचलंय, हे त्याला माहीत नव्हतं.

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"लेखी आहे."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतोय."

कप्तानानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तो हातातच ठेवला. "तुम्हाला अडकवायचं नाहीये मला. मी तरी काय, ऐकलंच ना? दहावर आणलं असतं तर कोण फासावर देणार होतं मला? पण खरं सांगू का, काही जाणवलं नाही हो. एवढं धूड आपलं. समोर चहाचा कप होता, त्यात तरंगसुद्धा उठला नाही." मग तो म्हणाला, "आणि धावत आलो कशासाठी? धक्का रिकामाच नव्हता. बाहेर दीड तास नांगर टाकून बसलो."

ते त्याला माहीत होतं. सकाळी अकराच्या जागी साडेबारा हा आकडा त्यानंच टाकला होता. रोज होतं तसं. धावायचं आणि येऊन थांबायचं. उशीर होऊन ठिपका लाल होत नाही ना, एवढंच बघायचं. "त्या दीड तासातच गाठलं त्यानं आम्हाला," कप्तान म्हणाला. "कुणी?" "म्हणजे तुम्ही ते बघितलंच नाही? या इकडे."

जहाजाच्या मागच्या अंगाला, धक्का आणि लोखंड यांच्यामधल्या हिरव्या अरुंद पाण्यात, एक पिल्लू होतं. पिल्लू म्हणायचं एवढंच. होतं मोटारीपेक्षा लांब. जहाजाच्या तांबड्या पोटाला तोंड लावून ते पुढे सरकत होतं, थोडं खाली जात होतं, पुन्हा वर येऊन तोंड लावत होतं. मधूनच फुस्स करून श्वास सोडत होतं आणि त्या आवाजासरशी वरची माणसं हसत होती. काठाशी रबरी बूट घातलेली एक बाई पोटावर आडवी होऊन पाण्यात माइक सोडत होती. समुद्री प्राण्यांची डॉक्टर. केस आखूड, आवाज बसलेला. त्यानं आपण कोण ते सांगितलं. आता ती बोलणार, ओरडणार, अशी तयारी करून तो उभा राहिला. ती ओरडली नाही. "दोनअडीच महिन्यांचं आहे," ती म्हणाली. "दूध शोधतंय."

"पण आई तर तिकडे, पुढे आहे."

"ती बोलत नाही ना आता. आणि हे केवढं मोठं आहे, गडद आहे, कोमट आहे, आतून घुमतंय. त्याला हेच बरोबर वाटतंय."

संध्याकाळपर्यंत क्रेननं मादीला उचललं आणि टगनं, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीनं, बंदराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पिल्लू तिच्या मागे गेलं नाही. गर्दी पांगली. त्यानं डॉक्टरणीला विचारलं की जहाज सुटेल तेव्हा काय होईल. ती माइकची वायर गुंडाळत होती. "मागे पंखा आहे," ती म्हणाली. "तुमच्या जहाजाचा पंखा बघितलाय कधी?" त्यानं बघितला नव्हता. जहाज सुटायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची होती. ती त्यानंच घातली होती.

घरी जाताना तो चालत गेला. लहानपणीचं काही आठवायची त्याला फारशी हौस नव्हती, कारण आठवायला गेलं की सगळं ताईच्या तोंडून ऐकलेलं निघे, स्वतःचं असं थोडंच. पण एक होतं ते त्याचं स्वतःचं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. त्यानंतर महिनाभरानं असेल, ताई त्याला घेऊन बाजारात गेली होती. ताई तरी केवढी, तेरा वर्षांची. ती बटाटे निवडत होती आणि त्याला समोरून जाणाऱ्या एका बाईची पाठ दिसली, करड्या रंगाच्या स्वेटरमधली. त्यानं जाऊन त्या बाईचा हात धरला. ही आई नव्हे हे त्याला हात धरताक्षणीच कळलं होतं, आणि तरीही त्यानं तो सोडला नाही. त्या बाईनंही सोडवून घेतला नाही. तिनं खाली वाकून बघितलं असेल, काही विचारलं असेल, ते काही त्याला आठवत नाही. आठवतो तो तिचा हात, ओलसर, बोटांना कांद्याचा वास. आणि तो हात धरून चाललेला सगळा लांबलचक रस्ता. मग ताई धावत आली, तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडायला लागली. आता चालता चालता त्याला वाटलं, त्या बाईच्या मनात तेव्हा काय चाललं असेल? कुठपर्यंत नेणार होती ती आपल्याला? ती थांबली का नाही? हे त्यानं आजवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आता विचारल्यावर तो एका दुकानाच्या पायरीवर बसला.

पायरीवर बसूनच त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्याच्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा त्यांनीच त्याला घरी जेवायला बोलावलं होतं, दोनदा. "अरे, एका माशासाठी जहाज थांबवायचं?" ते म्हणाले. "तो मासा नाही साहेब," तो म्हणाला. "तेच रे, जे काय असेल ते. उद्या पेपरात दोन ओळी येतील, परवा कोण विचारतंय?" मग त्याला नियम आठवला. अकरा वर्षांत नियम हेच त्याचं एकमेव हत्यार होतं. जहाजाला काही धडकलं की पाणबुड्या उतरवून तळ तपासून घ्यायचा, मगच सोडायचं. आणि पाण्यात जनावर असताना कुठलाही पाणबुड्या उतरणार नाही. हे त्यानं एका दमात सांगितलं. "लिही तसं," साहेब म्हणाले. "एक दिवस. त्यापुढे मी झाकून घेणार नाही."

त्या संध्याकाळी त्यानं ताईच्या डोळ्यात थेंब घातले तेव्हा त्याचा हात हलका होता. "आज काय स्वारी खूश?" एक डोळा मिटून ताई म्हणाली. त्यानं तिला सगळं सांगितलं; निरोपाचं तेवढं सोडून. ती ऐकत राहिली. "म्हणजे एक दिवस मिळवलास तू त्याला," ती म्हणाली. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की दात घासताना त्यानं ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो धक्क्यावर होता. पिल्लू तिथंच होतं. जहाजाच्या पोटाला शिंपले चिकटलेले असतात, त्यांवर रात्रभर तोंड घासून त्याच्या जबड्याची कातडी सोलून निघाली होती आणि आजूबाजूचं पाणी फिकट गुलाबी झालं होतं. ते आता खाली जात नव्हतं. डॉक्टरीण लाकडी खोक्यावर बसून पाव खात होती. कालचेच कपडे. तो तिच्याशी खूप बोलला, इतका की त्यालाच आपला आवाज परका वाटला. दूध आणता येणार नाही का? रोज दीडदोनशे लिटर, ती म्हणाली, आणि तसं दूध कुणाकडे नाही. दुसरी एखादी मादी? घेत नाहीत. टगनं जहाज हळूहळू बाहेर ओढलं, इंजिन बंद ठेवून, पंखा न फिरवता, तर ते मागे येईल ना? उघड्या समुद्रात जाईल ना? कप्तान तयार आहे, मी विचारलंय, टगवाल्यांशीही बोलून ठेवलंय. हे सांगताना तो हातांनी जहाज, टग, बंदराचं तोंड सगळं हवेत काढून दाखवत होता. तिनं त्याला पूर्ण बोलू दिलं. "येईल की मागे," ती म्हणाली. "मग बाहेर काय आहे?"

त्यानं हात खाली घेतले.

"बाहेर जाऊनही उपाशीच मरेल. तिथं फक्त आपल्याला दिसणार नाही." उरलेला पाव तिनं कागदात गुंडाळला. "तुमचा राग नाही मला. पण तुम्ही काल जहाज थांबवलंत ना, ते मला आधी सांगायला हवं होतं. आज सहाला ते सुटलं असतं तर एका क्षणात संपलं असतं याचं. आता हे असंच तीन दिवस चालेल, चार दिवस. म्हणून उद्या सकाळी मी त्याला इंजेक्शन देणार आहे. परवानगी आजच्या आज मिळवते."

हे ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तो तिथंच उभा राहिला. ऊन चढलं. पिल्लानं श्वास सोडला, आणि श्वासाच्या शेवटी एक बारीक, दार कुरकुरल्यासारखा आवाज निघाला. तो काल नव्हता. एक दिवस मिळवलास तू त्याला. आपल्याला पंखा आवरला, पण हे आवरत नाही. निदान आता मोजू नये, असं त्यानं ठरवलं, पण डोकं आपोआप मोजत होतं: दोन श्वासांमध्ये चाळीस सेकंद, मग छत्तीस, मग चाळीस. दुपारी साहेबांचा फोन आला, त्यानं घेतला नाही. ऑफिसला जाणं, घरी जाणं, जेवणं, या सगळ्या गोष्टी ज्या बाजूला होत्या तिकडे जायची वाटच त्याला सापडेना. अंधार पडल्यावर चौकीदारानं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर आणून सोडलं. "घरी जा हो साहेब," तो म्हणाला. "ते काही तुम्हाला ओळखत नाही."

सकाळी लाँच सुटली तेव्हा तो तिच्यात होता. डॉक्टरीण आधी नको म्हणाली. "कशाला येताय? बघण्यासारखं काही नाही." तो म्हणाला, "आमच्याकडचं कुणीतरी असायला हवं ना." तिनं सरकून त्याला जागा दिली. लाँचवाला, तिचा एक मदतनीस, ती आणि तो. जहाजापासून थोड्या अंतरावर तिनं इंजिन बंद करायला लावलं. आणि मग जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. पिल्लू जहाज सोडून त्यांच्याकडे आलं. सरळ, सावकाश येऊन त्यानं लाँचच्या तळाला तोंड लावलं. लाँच वितभर उचलली गेली आणि खाली बसली. पुन्हा उचलली गेली. पायांखालच्या फळ्यांतून ते ढुसणं त्याला टाचेत, गुडघ्यात, कमरेत जाणवलं. साडेसतराच्या वेगानं जाताना कपात तरंग उठला नव्हता, आणि हे असं. "हात लावू नका," डॉक्टरीण म्हणाली, आणि लगेच, वेगळ्या आवाजात, "बरं, लावा." त्यानं वाकून तळहात टेकवला. सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत, वरून गार, आणि दाबून धरलं की आत खोल कुठेतरी ऊब. डोळा पाण्याच्या अगदी खाली होता. तो त्याच्याकडे बघत होता असं म्हणवत नाही. पण उघडा होता. लांब दांड्याच्या टोकाला सुई होती. मदतनिसानं दांडा धरला, डॉक्टरणीनं जागा दाखवली. पहिली सुई झोपेची, दुसरी नंतरची. एकूण एकोणीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ते तळाला ढुसण्या देत राहिलं. आधी जोरात, मग हळू, मग नुसतंच टेकून. डॉक्टरणीनं तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि कागदावर वेळ लिहिली.

दुपारी पाणबुड्या उतरला. तळ ठीक होता. दोन वाजून दहा मिनिटांनी जहाज सुटलं.

तो ऑफिसात जाऊन बसला. कुणी काही विचारलं नाही. त्याच्या कपड्यांना वास येत असणार. पडद्यावर पुढचा हिरवा ठिपका तिरप्या रेघांच्या तोंडाशी आला होता. दुसरं जहाज, दुसरा कप्तान. त्यानं टाइप केलं: वेग दहावर आणावा. पाच मिनिटांत साहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं. "आज हे जहाज दहानं," ते म्हणाले. "उद्याचं?" "तेही." "आणि परवाचं? आणि बाकीच्या सगळ्या कंपन्यांची? तू एकटा काय समुद्राला ब्रेक लावणार आहेस का रे?" ते ओरडले नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसले आणि एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, त्यांनी स्वतः निरोप बदलला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आठवडाभर घरी बस. ताईकडे बघ. मी सांभाळतो इथलं."

तो उठला. जिन्याच्या सहाव्या मजल्यावर खिडकी होती, तिच्यातून समुद्राचा एक तुकडा दिसे, स्वच्छ, चकचकीत, त्यात काहीही नसल्यासारखा. तिथं उभं राहून त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून थेट त्या दुसऱ्या जहाजाला फोन लावला.

"मी ऑफिसातून बोलतोय," तो कप्तानाला म्हणाला. "आत्ताचा निरोप विसरा. दहानं या."

"लेखी द्या."

"लेखी नाही देता येणार."

पलीकडचा कप्तान तरुण वाटत होता. "मग कसं करू, दादा?" तो म्हणाला. "मला साडेसतरानंच यावं लागणार. तुम्हीच सांगा."

"बरं, मग पुढे एक माणूस उभा करा. नुसता बघायला."

"काय बघायला?"

"पाठ दिसते. श्वास सोडला की पांढरं उडतं, दोन पुरुष उंच. लांबून दिसतं."

"आणि दिसलं तर?"

तेवढं मोठं जहाज त्या वेगात वळत नाही, थांबतही नाही, हे दोघांनाही माहीत होतं. "मला सांगा," तो म्हणाला. "फोन ठेवू नका." कप्तानानं कुणालातरी हाक मारल्याचं ऐकू आलं, मग दाराचा आवाज, मग वारा. तो पायरीवर बसला, मोबाइल कानाला घट्ट लावून. खालून वरून माणसं जात येत होती. त्याच्या पायांना वळसा घालत होती. पंचवीस मिनिटं नुसता वारा होता. मग कप्तानाचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक.

"दिसलं. समोरच आहे. एकच आहे."

"मग?"

"बघतोय." श्वास. "नाकाखाली गेलं. आता इथून दिसत नाही."

"मागे माणूस पाठवा."

"मीच मागे चाललोय, थांबा." लोखंडावर धावणारी पावलं, धाप, पुन्हा वारा, आता जास्त मोठा. "पोचलो. इथं नुसता फेस आहे. काही वर आलेलं नाही अजून."

"बघत राहा," तो म्हणाला.

"बघतोय, दादा," कप्तान म्हणाला. त्यानं फोन ठेवला नाही आणि यानंही ठेवला नाही.